चपळ प्रकाश, सावकाश नोंद



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती, झालेच तर राजकारण, हे विषय श्रोत्यांच्या ओळखीचे असतात. आजचा विषय पत्रिकेवर वाचून मात्र पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. अतिशीघ्र लेसर-प्रयोग आणि त्यांतील नोंदींचा खर्च! भातकुलीसारख्या गावी, चैत्राच्या उकाड्यात, हा विषय काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे, आणि आजचे सगळे बोलणे त्या प्रश्नालाच उत्तर म्हणून करावयाचे आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. माणसाने ज्या अत्यंत चपळ घटना मोजल्या, त्या मोजताना नोंद घेणारे यंत्र चपळ असावे लागत नाही. ते सावकाश असले तरी चालते. म्हणून ते स्वस्त असू शकते. आणि म्हणून ते आपल्या मुलांच्या हातांनी घडू शकते.

प्रथम 'चपळ' म्हणजे किती, ते पाहू. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांच्या स्थानांची नावे परार्धापर्यंत दिलेली आहेत. त्यांत एकावर बारा शून्ये म्हणजे महापद्म आणि पंधरा शून्ये म्हणजे अंत्य. सेकंदाचा महापद्मांश म्हणजे एक पिकोसेकंद, आणि अंत्यांश म्हणजे एक फेम्टोसेकंद. नुसत्या शून्यांनी मनाला काही बोध होत नाही, म्हणून असे पाहा: एका सेकंदाशी फेम्टोसेकंदाचे जे नाते, तेच सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी एका सेकंदाचे आहे. आणि ह्या काळात घडते तरी काय? आपण आता ह्या मंडपात एकमेकांना पाहत आहोत, त्याची पहिली पायरी ह्याच काळात घडते. डोळ्याच्या पडद्यातील एक रेणू प्रकाश लागताच आपला आकार बदलतो. त्याला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात, हे १९९१ साली प्रयोगाने दाखवले गेले. पापणी लवण्याची आपण चपळाईला उपमा देतो. पापणीमागे जे घडते त्याच्यापुढे ती पापणी म्हणजे केवळ गोगलगाय!

आता एवढे झटपट घडणारे मोजावे कशाने? प्रकाशाची नोंद करणारा फोटोडायोड उत्तम असला तरी त्याला जागे व्हायला आणि निजायला काही पिकोसेकंद लागतातच. लाखो रुपयांचे नोंदयंत्र आणले तरी शंभर फेम्टोसेकंदांची घटना त्याच्या दृष्टीने आली कधी नि गेली कधी, कळतच नाही. शास्त्रज्ञांनी ह्यावर जी युक्ती काढली ती आपल्याकडील शंकरपटाच्या दाखल्याने सांगता येईल. समजा, तळेगाव दशासरच्या पटावर एकच बैलजोडी रोज अगदी तशीच धावते, आणि आपल्याजवळ दिवसाकाठी एकच फोटो निघेल असा कॅमेरा आहे. पहिल्या दिवशी सुटताक्षणी फोटो घ्यावा, दुसऱ्या दिवशी क्षणभर उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी क्षणभर उशिरा. महिन्याने ते फोटो ओळीने मांडले की सारी दौड समोर उभी राहते. ह्यात कॅमेरा जलद नव्हता. फक्त 'किती उशिरा' हे मात्र नेमके ठाऊक होते.

लेसरच्या ह्या पद्धतीला पंप-प्रोब म्हणतात. एकाच लेसर-स्पंदाचे दोन भाग करतात. जोरकस भाग पदार्थाला धक्का देतो, तो पंप. दुर्बळ भाग क्षणभराने येऊन 'आता कसे काय आहे' अशी विचारपूस करून जातो, तो प्रोब. पदार्थातून पलीकडे प्रोबचा उजेड किती आला, एवढेच मोजावयाचे. आणि उशीर कसा लावावयाचा? घड्याळाने नव्हे, अंतराने. प्रकाश एका पिकोसेकंदात सुमारे ०.३ मिलिमीटर चालतो. प्रोबच्या वाटेतील आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सारला की जाण्यायेण्याची वाट ०.३ मिलिमीटरने वाढली आणि प्रोबला एक पिकोसेकंद उशीर झाला. आपल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात तारेची जाडी मोजण्याचा स्क्रूगेज असतो. त्याची कमीतकमी मोजणी ०.०१ मिलिमीटर. तोच स्क्रू आरशाला लावला तर एका खुणेला सुमारे ६७ फेम्टोसेकंदांचा उशीर पडतो. विद्यार्थी ज्या स्क्रूगेजला कंटाळून जांभया देतात, तो वस्तुतः जगातील उत्तमोत्तम घड्याळांत मोडतो, हे त्यांना कोणी सांगतच नाही.

ही युक्ती लेसरच्याही आधीची आहे. १८९९ साली फ्रान्समध्ये आब्राहाम आणि लमोआन ह्या दोघांनी विजेची ठिणगी, दोन पट्ट्यांमध्ये धरलेला कार्बन डायसल्फाइड नावाचा द्रव आणि काही आरसे एवढ्या सामग्रीवर हाच प्रयोग केला. विजेच्या दाबाने त्या द्रवात येणारा एक प्रकाशगुण दाब जाताच किती वेळाने नाहीसा होतो, असा त्यांचा प्रश्न. ज्या ठिणगीने दाब नाहीसा होई तिचाच उजेड आरशांवरून लांबच्या वाटेने फिरवून आणीत, आणि वाट लांबवीत गेले की उजेड मंद होत जाई. त्यावरून तो गुण काही अब्जांश सेकंदांतच नाहीसा होतो, हे त्यांना कळले. नोंदयंत्र कोणते होते? त्यांचा स्वतःचा डोळा! पुढे इंग्लंडात नॉरिश आणि पोर्टर ह्यांनी दिव्यांच्या लखलखाटाने हीच कल्पना रसायनशास्त्रात आणली. त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर इजिप्तमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या अहमद झेवैल ह्यांनी १९८७ मध्ये आयोडीन सायनाइडचा रेणू सुमारे २०० फेम्टोसेकंदांत तुटताना टिपला. १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांचे.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम होत आले आहे. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. जी. रवींद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील सिद्धांतकारांसह एक प्रयोग केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. जबर लेसर-स्पंद पृष्ठभागावर आदळून तेथे प्लाझ्मा होतो आणि त्यात क्षणमात्र प्रचंड चुंबकत्व उपजते. प्रोबच्या ध्रुवणाची दिशा किती बदलली हे पाहून त्यांनी ते मोजले. सुमारे २ कोटी ७० लाख गॉस, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पाच कोटी पटीच्या घरात. आणि टिकले किती, तर सहा पिकोसेकंद. असल्या प्रयोगात पंप जेथे पडतो ती जागाच जळून जाते, म्हणून दर वेळी पदार्थ सरकवून नवी जागा पुढे करावी लागते. शंकरपटाची उपमा येथे थोडी लंगडी पडते; रोज नवी जोडी, पण एकाच गोठ्यातली, असे म्हणावे लागेल.

आता नोंदींकडे वळू. आजचा खरा विषय तोच.

पंपाने होणारा बदल फार लहान असतो. प्रोबच्या उजेडात दहा हजारांत एक भाग फरक पडला तरी तो बरा म्हणावयाचा. आडतीवरील वजनकाट्यावर दहा क्विंटल कापसाची गाडी उभी आहे, आणि तिच्यात कोणी शंभर ग्रॅम सरकी टाकली की नाही, ते काट्यावरून ओळखावयाचे आहे. हा झाला दहा हजारांत एक. बरे, काटाही स्थिर नाही. वाऱ्याने गाडी हलते आणि आकडा दहा दहा किलोंनी खालीवर होतो. लेसरचा स्पंदही असाच शेकडा एकाने कमीजास्त होत असतो असे धरू. आता सरकी कशी सापडावी?

उपाय असा की सरकी एकदा टाकावी, एकदा काढावी, पुन्हा टाकावी, पुन्हा काढावी, आणि दर वेळी दोन वजनांची वजाबाकी करीत जावे. लेसर सेकंदाला एक हजार स्पंद देत असेल तर पंपाच्या वाटेत खाचा पाडलेली एक चकती फिरवतात. ती एकाआड एक पंप अडवते. दहा सेकंदांत अशा पाच हजार जोड्या मिळतात. सरासरीचा नियम असा की नोंदी शंभरपट केल्या तर शंका दहापट कमी होते, शंभरपट नव्हे. हिशेब करून पाहिला तर पाच हजार जोड्यांनंतर आपल्या काट्यावर अजून सुमारे दोनशे ग्रॅमची शंका उरते, आणि सरकी तर शंभरच ग्रॅम! नुसते वाट पाहत बसणे हा महागाचा धंदा आहे. शंका निम्मी करायला चौपट वेळ द्यावा लागतो.

येथे पैसा नव्हे, अक्कल उपयोगी पडते. प्रोब पदार्थापर्यंत पोचण्याआधीच काचेच्या तुकड्याने त्याचा थोडा भाग बाजूला काढावा आणि दुसऱ्या फोटोडायोडवर टाकावा. वारा दोन्ही काट्यांना सारखाच लागतो. एकाला दुसऱ्याने भागले की वाऱ्याचा हेलकावा बराचसा निघून जातो. तो शेकडा एकावरून हजारांत एकावर आला तर तेवढ्याच दहा सेकंदांत शंका वीस ग्रॅमवर येते. सरकी सापडली! हा दुसरा फोटोडायोड काही शे रुपयांचा असतो. आरशाच्या दोनशे जागांवर दहा दहा सेकंद थांबले तर अर्ध्यापाऊण तासात सारी दौड कागदावर उतरते.

कोणी म्हणेल, स्पंद तर क्षणात निघून जातो. स्वस्त यंत्राला तो दिसणार कसा? ह्याचे उत्तर तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकात आहे. पाऊस रात्री केव्हातरी धो धो पडून जातो, आणि सकाळी साडेआठला कर्मचारी येऊन सावकाश नळीत पाणी मोजतो. पाऊस किती घाईने पडला ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. किती पडला, एवढे पुरे. तसेच फोटोडायोडमधून आलेला विद्युत्‌भार एका लहानशा कपॅसिटरमध्ये साठवावा. तेथे तो काही मायक्रोसेकंद टिकून राहतो, आणि तेवढ्यात साधा मायक्रोकंट्रोलर तो आरामात मोजून, पुढचा स्पंद येण्यापूर्वी भांडे रिकामे करून ठेवतो. हे मायक्रोकंट्रोलरचे पट्टे आता काही शे रुपयांना मिळतात.

त्यांचे माप जाडेभरडे असते, ही तक्रारही ऐकू येते. बारा बिटांच्या मोजणीत ४,०९६ पायऱ्या असतात. एक पायरी म्हणजे दहा हजारांत सुमारे अडीच. म्हणजे आपली सरकी एका पायरीपेक्षाही लहान. तरी ती सापडते, आणि गंमत अशी की ती वाऱ्यामुळे सापडते! आकडा मुळीच हलत नसता तर तो कायम एकाच पायरीवर अडकून बसला असता. तो पाचपन्नास पायऱ्या खालीवर हिंदकळतो म्हणूनच हजारो नोंदींची सरासरी दोन पायऱ्यांच्या मधला आकडा सांगू शकते. संगणकातील साउंड कार्ड तर ह्याहून सरस. सोळा बिटे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, आणि सेकंदाला ४४,१०० नोंदी. गाणे ऐकण्यासाठी केलेली ही वस्तू चकतीच्या तालावर उघडमीट करणारा उजेड फार छान ऐकते. तालाशी गुणून सरासरी काढणारे जे यंत्र बाजारात लॉक-इन अँप्लिफायर म्हणून काही लाखांना विकले जाते, त्याचे पुष्कळसे काम साउंड कार्ड आणि संगणकातील शेपन्नास ओळींचा प्रोग्राम मिळून करतात.

स्वस्ताचे गोडवे गाताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. एक दोष फार लबाड आहे. संगणक मध्येच दुसऱ्या कामाला लागला आणि एखादा स्पंद नोंदवायचा राहिला, तर तेथून पुढे सम-विषम उलटते. सरकीची गाडी रिकामी आणि रिकामी ती सरकीची समजली जाते. उत्तर शून्य येते किंवा उलटे येते, आणि यंत्र काही बोलत नाही. म्हणून चकती उघडी होती की बंद, ही नोंद प्रत्येक स्पंदाबरोबर वेगळ्या तारेने घेतलीच पाहिजे. दुसरा दोष आपल्या विजेचा. दर सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची घरघर प्रत्येक तारेत शिरते, आणि शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली की विचारूच नका. चकतीचा ताल पन्नासाच्या पटीत ठेवू नये, सर्व उपकरणांची अर्थिंग एकाच जागी आणावी, ही पथ्ये सांभाळावी लागतात. आणि काही ठिकाणी काटकसर करूच नये. आरसा सरकवणारा स्क्रू डगमगता असेल, किंवा फोटोडायोड भरपूर उजेडाने आधीच तृप्त होऊन बसलेला असेल, तर पुढची सारी हुशारी व्यर्थ. लेसरचे तर बोलायलाच नको. तो कोट्यवधींच्या घरात जातो, त्याला स्वच्छ, गार, न थरथरणारी खोली लागते, आणि डोळ्यांचे रक्षण हा त्यातला पहिला नियम. तो मुंबईत राहील, पुण्यात राहील, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात राहील. भातकुलीत उद्या तो यावा असे आमचे म्हणणे नाही.

मग म्हणणे काय आहे? आमच्या पाहण्यात एक महाविद्यालय आहे. नाव घेण्याचे कारण नाही. तेथे काही वर्षांपूर्वी लाखो रुपयांचे नोंदयंत्र आले. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाला. दोन वर्षांनी आतला कुठला तरी भाग गेला. दुरुस्तीचा खर्च ऐकून सगळे गप्प बसले, आणि आज ते यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणाखाली कपाटावर आहे. आत काय होते, ते कोणालाही माहीत नव्हते. कारण झाकण उघडले तर हमी रद्द होते, असे त्यावर छापलेले होते. त्याच प्रयोगशाळेत मुले मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंगे उतरून काढतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. जो आकडा कोठून येतो हे कधी दाखवलेच नाही, त्याच्याशी इमान कोणी कसे राखावे?

ह्याउलट स्वतः जोडलेल्या नोंदयंत्रात लपवण्याजोगे काही नसते. कपॅसिटर जळला तर अमरावतीच्या बाजारातून दुसरा आणून डाग देता येतो. प्रत्येक स्पंदाची नोंद जशीच्या तशी साठते. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ती उघडून पुन्हा तपासू शकतो. हा मार्ग आपल्या देशाला नवा नाही. टाटा संस्थेतील तरुणांनी १९६० साली आपला टिफरॅक संगणक संस्थेतच उभा केला. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राने 'फिनिक्स' ह्या उपक्रमातून 'एक्सपाइज' नावाचे नोंदयंत्र तयार केले. किंमत काही हजार रुपये, सेकंदाला काही लाख नोंदी, मंडलाचा नकाशा आणि प्रोग्राम सर्वांना खुले. आपल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील किती महाविद्यालयांत ते टेबलावर आहे, आणि किती ठिकाणी तेही कपाटात जाऊन बसले आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

लेसर नसताना पंप-प्रोबची विद्या शिकता येते काय? येते, आणि त्यासाठी वऱ्हाडचे ऊन पुरेसे आहे. उन्हात काळा होणारा चष्मा आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांवर असेल. त्या भिंगातील रेणूला जांभळ्यापलीकडचा प्रकाश लागला की त्याचे एक कडे उघडते आणि भिंग काळवंडते. कडे उघडण्याची ती पहिली पायरी पिकोसेकंदांत घडते. ती पाहायची तर मुंबईचा लेसर हवा. पण कडे पुन्हा मिटून भिंग निवळायला कित्येक मिनिटे लागतात, आणि ती मिनिटे आपली आहेत. नोटा तपासण्याचा बाजारी जांभळा दिवा हा आपला पंप. हिरव्या एलईडीचा दुर्बळ, ठरावीक तालाने लुकलुकणारा उजेड हा प्रोब. पलीकडे फोटोडायोड, कपॅसिटर आणि मायक्रोकंट्रोलर. लुकलुकण्याच्या तालाशी न जुळणारा उजेड यंत्र मोजतच नाही, म्हणून भर दुपारी खिडकी उघडी ठेवूनही प्रयोग चालतो. नोंदीची पद्धत अक्षरशः कुलाब्याचीच. फक्त स्क्रूच्या जागी मनगटावरचे घड्याळ.

आणि ह्यात नवीन कळण्यासारखेही आहे. मिटण्याचा वेग उष्णतेने वाढतो. म्हणून थंडीत हा चष्मा गडद होतो आणि फार वेळ गडद राहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला असता, जेव्हा सावलीची खरी गरज, तेव्हा तो नीट काळाच होत नाही. दुकानदाराने फसवले, असे म्हणत पुष्कळजण चष्मा परत करायला जातात. तापमान आणि निवळण्याचा काळ ह्यांचा तक्ता कोणत्याही बारावीच्या मुलीला एका आठवड्यात करता येईल, आणि तो कोणत्याही जर्नलमधून उतरून काढता येणार नाही, कारण भिंगागणिक तो निराळा येतो.

व्यासपीठाशेजारच्या टेबलावर ही सारी मांडामांड करून ठेवली आहे. एका भांड्यात बर्फाचे पाणी आहे, दुसऱ्यात कोमट. आधी बर्फातले भिंग घेऊ, कारण बर्फ वितळत चालला आहे. ज्यांचे चष्मे ह्या जातीचे असतील त्यांनी ते पाच मिनिटांपुरते उसने द्यावेत, म्हणजे दुसऱ्या फेरीत तेही मोजून पाहता येतील. प्रश्न मोजणी चालू असतानाच विचारले तरी हरकत नाही. फक्त जांभळ्या दिव्याकडे कोणी सरळ पाहू नये, आणि लहान मुलांना टेबलापासून चार हात दूर धरावे.